लघवीचे भांडे : लाज बाजूला ठेवून हाती घ्यावा असा धंदा

प्रत्येक मोहल्ल्यात असे एखादे तरी घर असते. पलंगावर अर्धांगाने पडलेले एखादे बुजुर्ग असतात, किंवा पाडावरून पडून मणका मोडलेला एखादा तरुण मुलगा. भेटायला येणारे डॉक्टरची, औषधाची, मालिशची चौकशी करतात. परंतु त्या घराची खरी दमछाक दिवसातून सहा-सात वेळा आणि रात्री दोन-तीन वेळा होत असते, त्याबद्दल कोणी विचारत नाही. रुग्णाला लघवी लागली की कोणाला तरी हातातले काम टाकून धावावे लागते. बाटली कलंडते, चादर भिजते, रुग्ण शरमेने तोंड फिरवतो. मग तो एक सोपा उपाय शोधतो : पाणी पिणेच कमी करतो. पाणी कमी झाले की लघवी दाट होते, जंतुसंसर्ग होतो, मुतखडे होतात, आणि भांड्याची तक्रार शेवटी मूत्रपिंडाच्या दुखण्यावर जाते.

हा विषय या पानावर कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. त्याचे कारण असे की लघवीचे भांडे ही डॉक्टरने बनवायची वस्तू नाही. ती पत्रेकाम करणाऱ्याने, प्लास्टिकचा साचा काढणाऱ्याने, रेक्झिन शिवणाऱ्याने, नळी आणि व्हॉल्व्ह यांची जाण असलेल्या फिटरने बनवायची वस्तू आहे. हे सर्व हुन्नर आपल्या लोकांच्या हातात आहेत. मागणी आहे, आणि बाजारात जो माल मिळतो त्यात सुधारणेला भरपूर जागा आहे. म्हणून या धंद्याची आणि या वस्तूच्या घडणीची थोडी तपशीलवार माहिती येथे देत आहोत.

गिऱ्हाईक कोण?

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे ५४ लाख लोकांना हालचालीचे अपंगत्व होते. महाराष्ट्रातील सर्व प्रकारच्या अपंगांचा आकडा २९ लाख ६३ हजारांच्या आसपास होता. साठी ओलांडलेल्यांची देशातील संख्या त्याच गणनेत १० कोटींच्या वर गेली होती. हे आकडे जुने आहेत आणि प्रत्येकाला हे साधन लागेल असेही नाही. तरी बाजाराच्या विस्ताराचा अंदाज येण्यास ते पुरेसे आहेत.

या गिऱ्हाइकांचे साधारण चार वर्ग पडतात. पहिला, अंथरुणाला खिळलेले रुग्ण. दुसरा, चाकाच्या खुर्चीवर फिरणारे लोक, ज्यांना संडासाच्या दारातून खुर्ची आत नेता येत नाही किंवा उकिडवे बसता येत नाही. तिसरा, गुडघे धरलेली, काठीने चालणारी वृद्ध मंडळी. यांना दिवसा चालते, पण रात्री अंधारात उठून संडासापर्यंत जाताना पडण्याची भीती असते, आणि म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले की पुन्हा उभे राहणे किती कठीण असते हे आपण पाहतोच. चौथा वर्ग प्रवाशांचा : लांब पल्ल्याच्या बसमधील मधुमेहाचे आणि प्रोस्टेटचे रुग्ण, हजला जाणारे वयस्कर यात्रेकरू. मिना, अरफात आणि मुझदलिफा यांच्या दरम्यान बस तासन् तास अडकते तेव्हा काय हाल होतात, हे जाऊन आलेल्यांना विचारावे.

या चौघांना एकच भांडे चालत नाही. येथेच कारागिराचे डोके लागते.

आधी मापे समजून घ्या

कोणतेही भांडे घडवण्यापूर्वी त्यात काय आणि किती मावायचे आहे ते ठरवावे लागते. निरोगी प्रौढ माणसाला दिवसाला साधारण एक ते दोन लिटर लघवी होते. मूत्राशयात १५० ते २५० मिलिलीटर जमले की पहिली जाणीव होते आणि ४०० ते ५०० मिलिलीटरला थांबणे अवघड होते. म्हणजे एका वेळेला २५० ते ४०० मिलिलीटर हिशेबात धरावे. लघवी जास्त करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर याहून जास्त. म्हणून पुरुषांची बाटली साधारण एक लिटरची करतात. त्यात दोन वेळची लघवी मावते आणि वर मोकळी जागाही राहते.

दुसरे माप वेगाचे. निरोगी पुरुषाच्या धारेचा जास्तीत जास्त वेग सेकंदाला १५ ते २५ मिलिलीटर असतो, स्त्रियांचा त्याहून थोडा अधिक. भांड्याच्या तोंडाशी झडप बसवायची असेल तर तिच्यातून इतके पाणी एका सेकंदात आत गेले पाहिजे आणि तेवढीच हवा बाहेर आली पाहिजे. पुष्कळ झडपा येथेच फसतात. पाणी आत जायला वाट असते, हवेला बाहेर यायला नसते, मग धार उलटून अंगावर येते. बदना किंवा तेलाची बरणी घडवणाऱ्या कारागिराला हे सांगावे लागणार नाही. हवेची वाट ठेवली नाही तर भांडे गचके खाते हे त्याला ठाऊकच असते.

तिसरे माप वजनाचे. लघवी पाण्यापेक्षा किंचित जड असते, म्हणजे भरलेल्या एक लिटरच्या बाटलीचे वजन एक किलोच्या वर जाते. अर्धांगवायूच्या रुग्णाचा एकच हात चालतो, तोही कमजोर असतो. त्याला मुठीत धरायची दांडी देऊन उपयोग नाही. दांडीचा फेरा एवढा मोठा असावा की त्यात सबंध पंजा सरकवता येईल आणि बोटे न आवळताही बाटली मनगटावर उचलली जाईल.

पुरुषांची बाटली

ही वस्तू सर्वांच्या परिचयाची आहे, आणि परिचयाची असल्यामुळेच तिच्या चुका कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. रुग्ण उताणा पडलेला असतो. भांडे गादीवर ठेवले की गादी दबते आणि भांडे तोंडाकडे कलते. म्हणून मानेचा कोन आणि पोटाची खोली अशी असावी की निम्मे भरलेले भांडे मऊ कापसाच्या गादीवर आडवे ठेवले तरी आतली पातळी मानेच्या खालीच राहील. तळ रुंद आणि चपटा असावा. गोल तळाची बाटली दुकानात छान दिसते, पलंगावर लोळते.

तोंडाच्या कडेला सर्वांत जास्त महत्त्व आहे. मणक्याला इजा झालेल्या माणसाला कमरेखाली स्पर्श कळत नाही. साच्याच्या जोडावर राहिलेली प्लास्टिकची धार किंवा पत्र्याची बर आपल्याला बोचली तर आपण लगेच बाजूला होतो. त्याला ती बोचतच नाही. भांडे बराच वेळ तसेच टेकून राहिले तर कातडीला जखम होते, आणि अशा माणसाची जखम भरायला महिने लागतात. म्हणून कड आत-बाहेर दोन्ही बाजूंनी गोल वळवलेली हवी, आणि माल बाहेर पडण्यापूर्वी प्रत्येक नगाच्या कडेवरून बोट फिरवून पाहणारा माणूस कारखान्यात हवा. दहा नगांतून एक तपासण्याची पद्धत येथे चालणार नाही.

झाकण दोरीने किंवा पट्टीने बाटलीला जोडलेले असावे. सुटे झाकण पहिल्याच आठवड्यात पलंगाखाली हरवते. बाटली अर्धपारदर्शक असावी, म्हणजे लघवीचा रंग आणि पातळी न उघडता दिसते. लघवी लालसर झाली किंवा एकाएकी गढूळ झाली तर ते घरच्यांना आणि डॉक्टरला कळणे जरूर आहे. मापाच्या रेघा रंगाने छापू नयेत, साच्यातच उठवाव्यात. छापलेल्या रेघा धुऊन निघून जातात.

स्त्रियांची उपेक्षा

बाजारात पुरुषांच्या बाटल्या सहज मिळतात. स्त्रियांसाठी मात्र बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते : बेडपॅन. बेडपॅनसाठी कंबर उचलावी लागते. जिचे खुब्याचे हाड मोडले आहे किंवा जिचा अर्धा भाग लुळा आहे तिने ती उचलायची कशी? दोन बायकांनी तिला धरून वर करायचे, तिसरीने भांडे सरकवायचे. घरात एकटी सून असेल तर तिची कंबर जाते. परिणाम असा की स्त्रिया पुरुषांपेक्षाही कमी पाणी पितात आणि जास्त वेळ लघवी रोखून धरतात.

यावर दोन प्रकारची भांडी आहेत. पहिले पाचरीच्या आकाराचे चपटे भांडे. त्याची एक बाजू सुपलीच्या टोकासारखी पातळ असते, ती कमरेखाली थोडीशी सरकवली तरी पुरते. हाड मोडलेल्या रुग्णांसाठीच ते काढले गेले. दुसरे, समोरून धरायचे भांडे. त्याचे तोंड रुंद आणि बसके असते, खालची ओठाची बाजू पुढे आलेली असते आणि ती शरीराच्या वळणाला घट्ट टेकते. खुर्चीच्या कडेला पुढे सरकून बसलेली किंवा एका कुशीवर वळलेली स्त्री ते स्वतःच्या हाताने धरू शकते.

या दुसऱ्या भांड्याचा आकार साधणे कठीण आहे, कारण ओठ जराही उथळ राहिला तर धार मागे वाहते. एकाच मापात सर्वांना बसेल असा आकार निघत नाही, निदान दोन-तीन मापे काढावी लागतात. शिवाय आपल्याकडे साडी आहे, सलवार आहे, वरून बुरखा किंवा चादर आहे. परदेशी नमुन्यात या कपड्यांचा विचार नसतो. भांडे कपड्याआडून, न दिसता, एका हाताने जागेवर नेता आले पाहिजे. याची अडचण घरच्या स्त्रियांना कळते तशी कारखानदाराला कळणार नाही. म्हणून नमुना तयार करताना बायकोला, बहिणीला, शेजारच्या परिचारिकेला विचारण्यात संकोच करू नये. परदेशी रुग्णालयांत गेल्या काही वर्षांत मऊ वातीसारखी शोषणपट्टी आणि तिला जोडलेला छोटा पंप असेही साधन आले आहे. त्याला वीज लागते आणि वात वारंवार बदलावी लागते. आपल्या सामान्य घरासाठी साधे, चांगल्या वळणाचे भांडे हीच पहिली गरज आहे.

पायाला बांधायची पिशवी

ज्यांना लघवीवर ताबा नाही पण जे खुर्चीवर बसून दुकान, शिलाई, दुरुस्तीची कामे करतात, त्यांच्यासाठी पायाला बांधायची पिशवी असते. पुरुषांमध्ये ती निरोधासारख्या आवरणाला जोडतात, तर काहींना मूत्राशयात घातलेल्या नळीला. पायाच्या पिशव्या ३५०, ५०० आणि ७५० मिलिलीटरच्या असतात, रात्री पलंगाला टांगायची पिशवी दोन लिटरची. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली राहिली पाहिजे आणि आत एकदा आलेले पाणी परत वर जाता कामा नये. त्यासाठी तोंडाशी दोन पातळ फिल्मची झडप सांधतात. पाणी आत येताना ती उघडते, उलट दाब आला की मिटते.

पिशवीचे दोन पडदे उच्च वारंवारतेच्या यंत्रावर सांधतात. हे यंत्र २७.१२ मेगाहर्ट्झवर चालते. रेनकोट, फाइल कव्हर, पर्स यांच्या कारखान्यांतून हे यंत्र पाहिलेले आणि चालवलेले कारागीर पुष्कळ आहेत. काम ओळखीचे, फक्त कसोटी वेगळी. रेनकोटची शिवण किंचित सुटली तर बाही भिजते. येथे सांधा सुटला तर दुकानात बसलेल्या माणसाची चारचौघांत नाचक्की होते आणि तो पुन्हा घराबाहेर पडत नाही.

नळीची बाब त्याहून गंभीर आहे. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा झालेल्या माणसाची नळी मुडपली आणि मूत्राशय तुंबला, तर त्याचा रक्तदाब एकाएकी धोकादायक रीतीने चढू शकतो. डोके फुटल्यासारखे दुखते, चेहरा लाल होतो, घाम सुटतो, आणि वेळीच लक्ष दिले नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊन जीवही जाऊ शकतो. अशा वेळी प्रथम रुग्णाला उठवून बसवतात आणि नळीला कोठे घडी पडली आहे ते शोधतात; तेवढ्याने आराम पडला नाही तर ताबडतोब डॉक्टर गाठावा लागतो. स्वस्त, पातळ भिंतीची, सहज मुडपणारी नळी लावून नगामागे चार पैसे वाचवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

तळाची तोटी कशी असावी हा निराळा प्रश्न. फिरकीची तोटी दोन बोटांनी पिळावी लागते, लुळ्या हाताला ते जमत नाही. वर-खाली होणारी लहान दांडी असेल तर अंगठ्याच्या बाजूने किंवा मनगटानेही ढकलता येते. परंतु ती इतकीही सैल नसावी की पायजम्याला अडकून उघडेल. पट्टे रुंद आणि लवचिक हवेत. अरुंद पट्टा मांडीत रुततो आणि रक्ताचा प्रवाह अडवतो. पिशवीची कातडीकडील बाजू नुसत्या प्लास्टिकची असेल तर आपल्या हवेत घामाने पुरळ उठते, म्हणून त्या बाजूला सुती किंवा न विणलेल्या कापडाचे अस्तर लागते.

प्रवासासाठी जेलची पिशवी

प्रवासातल्या पिशवीत एक पांढरी पूड असते, तिचे नाव सोडियम पॉलिॲक्रिलेट. लहान मुलांच्या डायपरमध्ये हीच पूड असते. पाणी लागले की तिचे जेल बनते आणि पिशवी आडवी झाली तरी सांडत नाही. नवख्या कारखानदाराची येथे एक चूक होते. तो साध्या पाण्याने चाचणी घेतो. साध्या पाण्यात ही पूड स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी शोषते, पण लघवीत क्षार असतात आणि क्षारांच्या पाण्यात तिची ताकद पुष्कळ कमी होते, साधारण तीस ते साठ पटीवर येते. चाचणी घ्यायची तर लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ घालून घ्यावी, म्हणजे पूड किती लागेल याचा खरा हिशेब निघतो.

माल कोणता वापरावा?

ताजी लघवी सहसा किंचित आम्ल असते. ती साचून राहिली की जंतू तिच्यातील युरिया फोडतात, अमोनिया तयार होतो, उग्र वास सुटतो आणि भांड्याच्या तळाशी पांढरा दगडी थर धरतो. म्हणून आतून टोकदार कोपरा कोठेही नको. ब्रश जेथे पोहोचत नाही तेथे थर धरणारच.

घरगुती वापराला पॉलिप्रॉपिलीन उत्तम. रुग्णालयातील वाफेच्या १२१ अंश उष्णतेतही ते टिकते. जाड पॉलिथिलीन स्वस्त आहे आणि फुंकून बाटली करायला सोपे आहे, पण त्या उष्णतेला ते मऊ पडते. त्यामुळे रुग्णालयाला माल द्यायचा असेल तर आधी विचार करावा. स्टीलची भांडी करणाऱ्यांनी ३०४ प्रतीचाच पत्रा घ्यावा. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. निकेल कमी असलेला स्वस्त पत्रा लघवीतल्या क्षारांनी थोड्याच दिवसांत डाग धरतो. कातडीला लागणारा भाग रबराच्या चिकाचा न करता सिलिकॉनचा करावा, कारण काही रुग्णांना रबराची ॲलर्जी असते, आणि जन्मतः मणक्यात दोष असलेल्या मुलांमध्ये तिचे प्रमाण विशेष आहे.

भंगाराच्या दाण्याबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. मालेगावला आणि अन्यत्र जुन्या प्लास्टिकचा दाणा काढण्याचा मोठा धंदा आहे, आणि पाइप किंवा बादलीसाठी तो दाणा ठीक आहे. या कामाला तो वापरू नये. त्यात पूर्वी काय भरलेले होते हे कोणी सांगू शकत नाही, आणि हा माल आजारी माणसाच्या उघड्या अंगाला लागायचा आहे.

मालासोबत मराठीत आणि उर्दूत एक छोटी चिठ्ठी द्यावी : वापर झाल्याबरोबर रिकामे करून धुवावे. थर धरल्यास पातळ केलेल्या सिरक्यात भिजत ठेवावे. ब्लीचिंग आणि सिरका कधीही एकत्र करू नये, आणि लघवी असलेल्या भांड्यात ब्लीचिंग टाकू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. एवढे छापायला खर्च काही नाही, परंतु गिऱ्हाईक लक्षात ठेवते.

हे काम कारागिरांचेच

नळी आणि भांडे यांचा इतिहास पाहिला तर पानोपानी कारागीर भेटतो. कुर्तुब्याचे, म्हणजे आजच्या स्पेनमधील कोर्डोबाचे, अबुल कासिम अल-झहरावी यांचे निधन सुमारे १०१३ मध्ये झाले. त्यांच्या किताब अल-तसरीफ या तीस भागांच्या ग्रंथात शस्त्रक्रियेच्या सुमारे दोनशे हत्यारांच्या आकृत्या आहेत आणि लघवी तुंबलेल्या रुग्णासाठी चांदीच्या नळीचे वर्णन आहे. ती नळी कोणत्या तरी सोनाराने घडवली असणार हे उघड आहे. आज जगभर नळीची जाडी ज्या मापात मोजतात ते माप पॅरिसच्या शारिएर यांच्या नावाचे आहे. ते मूळचे चाकू-सुऱ्या बनवणारे. त्यांच्या मापात तीन अंक म्हणजे एक मिलिमीटर, म्हणजे १८ क्रमांकाची नळी ६ मिलिमीटर जाड.

आपल्या देशातले उदाहरण जयपूर फूटचे. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी मिळून रबराचा असा पाय घडवला की तो लावून माणूस अनवाणी चालू शकेल, शेतात जाऊ शकेल, उकिडवा बसू शकेल. परदेशी पाय बुटात घालण्यासाठी होते, आपल्या माणसाच्या उपयोगाचे नव्हते. डॉ. सेठी यांना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रामचंद्र शर्मा फारसे शिकलेले नव्हते, पण आपला माणूस कसा बसतो आणि कसा चालतो हे त्यांनी पाहिले होते. लघवीच्या भांड्याच्या बाबतीत हीच नजर लावायची आहे.

चांगल्या व्यवस्थेने किती फरक पडतो याचीही साक्ष आहे. पहिल्या महायुद्धात मणक्याला जखम झालेले बहुतेक सैनिक लघवीच्या संसर्गाने आणि पाठीच्या जखमांनी दगावले. १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी याच दोन गोष्टींकडे काटेकोर लक्ष देण्यास सुरुवात केली आणि असे रुग्ण जगू लागले, कामधंद्याला लागले.

पाकीचा प्रश्न

आपल्या घरांतील रुग्णाच्या मनाला लागून राहिलेली आणखी एक गोष्ट म्हणजे नमाज. कपडे नापाक होतात म्हणून कित्येक बुजुर्ग नमाज सोडून देतात आणि त्याचे दुःख मनात ठेवतात. ज्याची लघवी थांबत नाही अशा माजूर माणसासाठी शरीअतने सवलत ठेवली आहे. हनफी मताप्रमाणे तो प्रत्येक नमाजच्या वेळेसाठी ताजा वुजू करतो आणि त्या वेळेत नमाज अदा करतो. कोकणातील शाफई मंडळींकडे तपशील थोडा वेगळा आहे. पिशवी लावलेल्या माणसाने नेमके काय करावे हे आपल्या आलिमांना विचारावे, ते सांगणे या पानाचे काम नाही. परंतु कारागिराने एवढे जरूर करावे : तोटी अशी द्यावी की वुजूपूर्वी शिंतोडा न उडता पिशवी रिकामी होईल, आणि आवरण असे द्यावे की ते दिवसातून दोनदा धुऊन वाळवता येईल.

कायदा काय म्हणतो?

सरकारने ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आणली आणि ती १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. उपकरणांचे धोक्यानुसार अ, ब, क, ड असे चार वर्ग आहेत. सर्वांत कमी धोक्याच्या अ वर्गातील जी उपकरणे निर्जंतुक म्हणून विकली जात नाहीत आणि मोजमाप करत नाहीत त्यांना ऑक्टोबर २०२२ मध्ये परवान्यातून सूट मिळाली, पण केंद्र सरकारच्या पोर्टलवर नोंदणी मात्र करावी लागते. निर्जंतुक पिशवी करायची असेल तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून परवाना लागतो. बाटलीवर मिलिलीटरच्या रेघा उठवल्या की ती मोजमापाचे साधन ठरते का, हे साचा काढण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे. साचा काढल्यावर विचारणे महागात पडते. पिशव्यांच्या कसोट्यांसाठी आयएसओ ८६६९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि रुग्णालयांना मोठा माल द्यायचा तर कारखान्याला आयएसओ १३४८५ ची व्यवस्था विचारली जाते.

सुरुवात कोठून करावी?

ज्याच्याजवळ भांडवल थोडे आहे त्याने एकदम साच्याच्या मागे लागू नये. सुरुवात जोडसामानापासून करावी. पायाच्या पिशवीचे सुती आवरण आणि रुंद पट्टे, चाकाच्या खुर्चीच्या बाजूच्या नळीला अडकवायची बाटलीची चौकट, पलंगाच्या पट्टीला लावायचा हूक, बाटलीसाठी वास आणि आकार न दिसणारी चेनची पिशवी. मदनपुऱ्यातल्या किंवा धारावीतल्या बॅगवाल्याला आणि कुर्ल्यातल्या वेल्डरला याला नवे यंत्र लागणार नाही. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या घाऊक बाजारात फेरी मारून आधी काय मिळते आणि कशाची तक्रार येते ते पाहावे.

बाटलीचा नमुना तयार झाला की घरीच पाच कसोट्या घ्याव्यात. रंगीत पाणी अर्धा लिटर भरून बाटली गादीवर आडवी ठेवावी आणि तास मोजावा. २५० मिलिलीटर पाणी दहा सेकंदांत तोंडातून ओतून ते उलटते का पाहावे. भरलेली, झाकण लावलेली बाटली पलंगाच्या उंचीवरून फरशीवर टाकावी. हाताला साबण लावून, डाव्या हाताने, दिवा बंद करून ती उचलावी. आणि शेवटी आतला प्रत्येक कोपरा ब्रशने घासून पाहावा. पिशवी असेल तर हवा भरून पाण्याखाली दाबावी, बुडबुडा आला की तो नग रद्द.

यानंतरची खरी कसोटी मात्र कारखान्यात होत नाही. मुंबईत हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, पुण्याजवळ खडकीला मणक्याच्या जखमी जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे. अशा ठिकाणच्या जाणकारांचा सल्ला मागावा. ते जमले नाही तर आपल्याच मोहल्ल्यातील ते घर आहे. नमुना घेऊन तेथे जावे, पंधरा दिवस तो वापरायला द्यावा, आणि पंधरा दिवसांनी जाऊन पलंगावरच्या माणसाला स्वतः विचारावे की कोठे बोचले, कोठे सांडले, रात्री कोणाला उठवावे लागले का. तो सांगेल ते लिहून घ्यावे आणि दुसरा नमुना त्याप्रमाणे करावा. तिसऱ्या किंवा चौथ्या नमुन्याला जेव्हा तो म्हणेल की काल रात्री घरात कोणाला उठवले नाही, त्या दिवशी साच्याची ऑर्डर द्यायला हरकत नाही.